उजनीच्या हिरव्या पाण्याचे मोजमाप: पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शक

एप्रिल-मेमध्ये उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवणपासून करमाळ्याच्या काठापर्यंत कुठेही गेलात तरी पाण्यावर पोपटी साय दिसते. बघणारा लगेच विचारतो, "हे विषारी आहे का?" रंगावरून याचे उत्तर देता येत नाही. एकाच जागचे पाणी सकाळी सातला वेगळे दिसते आणि दुपारी तीनला वेगळे, आणि मोजले तर आकडेही वेगवेगळे येतात. म्हणून या कामात महागड्या उपकरणाआधी घड्याळ आणि वाऱ्याची दिशा लागते. ज्या आकड्याशेजारी वेळ लिहिलेली नाही, तो वहीतून खोडून टाकला तरी चालेल.

हा लेख महाविद्यालयीन विद्यार्थी, गावच्या पाणी योजनेवरचे कर्मचारी, मच्छीमार आणि काठावरचे शेतकरी यांच्यासाठी आहे. उदाहरण उजनीचे घेतले आहे, पण पद्धत राज्यातल्या कुठल्याही मोठ्या जलाशयाला लागू पडते.

उजनीच का

भीमेवरचे हे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी आणि त्यातला जवळजवळ 63 टीएमसी मृत साठा. बातम्यांमधली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. त्यामुळे धरण "मायनसमध्ये गेले" म्हणजे कोरडे पडले असे नाही. तळ पसरट असल्याने पाणी उतरू लागले की फुगवट्याचा मोठा भाग उथळ होतो, ऊन तळापर्यंत पोचते आणि पाणी लवकर तापते. शेवाळाला नेमके हेच हवे असते.

खाद्य वरून येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्यामार्फत भीमेत उतरते. वाटेतल्या उसाच्या शेतांतून वाहून आलेली खते त्यात मिसळतात. इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. नेहमीच्या पद्धतीचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प पाण्यातली घाण, म्हणजे सेंद्रिय भार, कमी करतो, पण फॉस्फरस काढण्यासाठी वेगळा टप्पा लागतो. तो नसेल तर प्रकल्पातून बाहेर पडलेले पाणी दिसायला स्वच्छ असले तरी शेवाळासाठी खतच असते. प्रतिलिटर 0.035 मिलिग्रॅमच्या वर एकूण फॉस्फरस गेला की जलाशय सुपोषित, म्हणजे शेवाळाच्या खाद्याने भरलेला, धरतात आणि 0.1 च्या वर गेला की अतिसुपोषित. इतक्या कमी मात्रेत खेळ चालतो, म्हणून नमुन्याची बाटली साबणाने धुतली तरी आकडा बिघडतो. हा मुद्दा पुढे परत येईल.

वर्षभरात काय होते

जून ते सप्टेंबर वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येते, गढूळ आणि वेगाने. खाद्य भरपूर असते, पण मातीमुळे उजेड आत शिरत नाही आणि प्रवाह पेशींना टिकू देत नाही. पाणी तपकिरी दिसते.

ऑक्टोबरमध्ये प्रवाह थांबतो, गाळ खाली बसतो, उजेड आत जातो, वर ऑक्टोबर हीट. पावसाने आणलेले सगळे खाद्य अजून पाण्यातच असते. वर्षातला पहिला हिरवा उठाव इथे येतो आणि बहुतेक जण तो नोंदवतच नाहीत, कारण धरण भरल्याच्या आनंदात कोणी काठावर वास घ्यायला जात नाही.

डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड होते आणि डायटम, म्हणजे कवच असलेले सूक्ष्म शेवाळ, वाढतात. पाणी फिकट तपकिरी-सोनेरी दिसते, लोकांची तक्रार नसते, पण जलशुद्धीकरण केंद्रातले वाळूचे गाळणे मात्र लवकर चोंदते. मार्चपासून पाण्याचे तापमान 25 अंशांपुढे टिकले की निळ्या-हिरव्या जीवाणूंना जोर चढतो. मायक्रोसिस्टिस हे त्यातले मुख्य नाव. कालव्यांना आणि नदीत पाणी सोडणे चालू असते, बाष्पीभवन होते, पाणी घटते आणि खाद्य दाटत जाते. तळाशी प्राणवायू संपला की गाळात धरून ठेवलेला फॉस्फरसही सुटून वर येतो. म्हणजे वरून येणारे सांडपाणी उद्या थांबवले तरी हा गाळ आणखी काही वर्षे शेवाळाला पोसत राहील.

मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला वळीव येतो. वादळी वाऱ्याने तळाचे प्राणवायूहीन पाणी वर उसळते आणि एका रात्रीत मासे मरून काठाला लागतात. लोक कारखान्याला दोष देतात. कधी तो दोष खराही असतो. पण आधी आदल्या रात्रीचा वारा आणि पहाटेचा प्राणवायू बघा.

पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. त्या पिकांना दिलेले खत जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याखाली जाते. नोंदवहीत कुठे गाळपेर झाली हेही लिहून ठेवा, ऑक्टोबरचे आकडे वाचताना त्याचा उपयोग होतो.

आधी हे शेवाळ आहे का ते पाहा

काठावर हिरवे दिसणारे सगळे शेवाळ नसते. जलपर्णी ओळखायला शिकावे लागत नाही. टिकलीएवढी सुटी पाने तरंगत असतील तर ती लेम्ना, एक साधी वनस्पती. खरी गल्लत तंतुमय हिरवे शेवाळ आणि निळा-हिरवा जीवाणू यांत होते. त्यासाठी दोन फुकट चाचण्या आहेत.

पहिली काडीची. हातमोजे घालून एक लांब काडी थरात बुडवा आणि वर काढा. केसांसारखे धागे लोंबले तर हिरवे शेवाळ. काडीला ऑइलपेंट लागल्यासारखा लेप बसला तर निळा-हिरवा जीवाणू असण्याची शक्यता जास्त.

दुसरी बरणीची. पारदर्शक बरणी पाऊण भरा, झाकण लावा, रात्रभर फ्रिजमध्ये अजिबात न हलवता ठेवा. सकाळी हिरवे वर जमले असेल तर तरंगणाऱ्या पेशी, म्हणजे बहुधा निळा-हिरवा जीवाणू. खाली बसले असेल तर इतर शेवाळ. बरणीवर ठळक अक्षरात "पिऊ नये" लिहा. घरातल्या फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर हे लिहिणे विसरू नका.

काठावर निळा रंग सांडल्यासारखा दिसला आणि गटाराचा वास आला, तर ते रसायन सोडल्याचे लक्षण असेलच असे नाही. मायक्रोसिस्टिसच्या पेशी फुटल्यावर आतले निळे रंगद्रव्य बाहेर येते. थर मरू लागला की हा रंग दिसतो, आणि पेशींतले विष पाण्यात मोकळे होण्याची वेळही तीच.

आणखी एक गैरसमज दूर करून ठेवा. टीडीएस मीटर हल्ली घरोघरी आहे, पण तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो. शेवाळ किंवा त्याचे विष याबद्दल तो काहीही सांगत नाही.

साहित्य

पाण्याची पारदर्शकता मोजणारी सेक्की चकती घरी करा. 20 सेंटिमीटर व्यासाचा पत्रा किंवा ॲक्रिलिक, त्याचे चार भाग, आलटून पालटून काळे आणि पांढरे, रंग चकाकी नसलेला. खाली मधोमध सव्वा ते दीड किलो वजन. सुती दोरी भिजल्यावर आखडते, नायलॉनची ताणली जाते, म्हणून दोरीऐवजी 10 मीटरची फायबरची मोजपट्टी बांधा. शून्य चकतीच्या वरच्या पृष्ठभागावर यायला हवा. शून्य भलत्याच जागी ठेवण्याची चूक नवख्यांमध्ये सर्रास होते, आणि 30 सेंटिमीटर पारदर्शकता असलेल्या पाण्यात 5 सेंटिमीटरची चूक म्हणजे बरीच मोठी.

नमुना घेण्याची नळी म्हणजे 25 मिलिमीटर आतल्या व्यासाचा, 2 मीटर लांबीचा बागेतला पाइप. खालच्या टोकाला दगड आणि ओढून घ्यायला दोरी बांधा. तो उभा सोडला, वरचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबले आणि खालचे टोक दोरीने वर ओढले की वरच्या 2 मीटर पाण्याचा एकत्रित नमुना मिळतो, जवळपास एक लिटर. बादलीने नुसते वरचे पाणी घेतले तर तरंगणारा थर तेवढा हाती येतो आणि आकडा अनेक पटींनी फुगतो.

याखेरीज पाहिजे सामू (पीएच) मीटर, त्याच दिवशी 7.0 आणि 9.2 च्या द्रावणाने जुळवलेला. कागदी पट्टी इथे कामाची नाही, कारण 8.5 आणि 9.1 यांतला फरकच आपल्याला हवा असतो. थर्मामीटर, प्राणवायू मोजण्यासाठी 300 मिलीच्या बाटल्या, तपकिरी काचेच्या 100 मिलीच्या बाटल्या, बर्फाची पेटी आणि सूक्ष्मदर्शकाचा नमुना टिकवणारे ल्युगॉल द्रावण. हे द्रावण असे करतात: 200 मिली शुद्ध पाण्यात 20 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवा, मग 10 ग्रॅम आयोडीन, ते पूर्ण विरघळल्यावर 20 मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. क्रम उलटा केला तर आयोडीन विरघळत नाही. साठवण काचेत आणि अंधारात, कारण प्लास्टिक आयोडीन शोषून घेते.

जागा, वेळ आणि होडी

तीन जागा पुरेत: नदी आत येते तो दौंडकडचा भाग, मध्यावरचा कुंभारगाव-पळसदेव पट्टा आणि धरणाकडची खोल बाजू. भिंतीजवळचा पट्टा प्रतिबंधित असतो, तिथे जलसंपदा विभागाच्या लेखी परवानगीशिवाय जाऊ नका. प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर नोंदवा. काठावरच्या खुणेवर विसंबू नका, पाणी उतरले की तो काठ अर्धा किलोमीटर लांब गेलेला असतो.

एरवी पंधरा दिवसांतून एकदा, ऑक्टोबरमध्ये आणि मार्च ते जून दर आठवड्याला. मुख्य मोजणी सकाळी 10 ते 11 यांदरम्यान, दरवेळी त्याच तासात. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पहाटे सूर्य उगवण्याआधी आणि दुपारी 3 वाजता प्राणवायू वेगळा मोजा.

होडीत प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, अंगाखाली अंथरलेले नव्हे. एप्रिल ते जून दुपारी तीनची मोजणी काठावरून किंवा धक्क्यावरून करा. आभाळ भरले की वादळ यायला वेळ लागत नाही. 21 मे 2024 ला कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. स्थानिक नावाडी "आज नको" म्हणाला तर त्या आठवड्याचा रकाना रिकामा सोडा.

मोजणी, या क्रमाने

होडी थांबली की आधी सेक्की. इंजिनाने ढवळलेले पाणी शांत होऊ द्या, होडीच्या सावलीच्या बाजूला या, गॉगल काढा. चकती हळू सोडा, दिसेनाशी झाली तो आकडा घ्या. आणखी थोडी खाली सोडून वर ओढा, पुन्हा दिसू लागली तो आकडा घ्या. दोन्हींची सरासरी लिहा. कार्लसनने 1977 मध्ये दिलेल्या सुपोषणाच्या निर्देशांकाचे सूत्र 60 वजा 14.41 गुणिले खोलीचा नैसर्गिक लॉगॅरिदम असे आहे, पण गणित लक्षात ठेवायची गरज नाही. 2 मीटरला 50, 1 मीटरला 60, अर्ध्या मीटरला 70, पाव मीटरला 80. खोली निम्मी झाली की निर्देशांक 10 ने वाढतो. 50 च्या वर सुपोषित, 70 च्या वर अति. पावसाळ्यात हे सूत्र वापरू नका, तेव्हा चकती शेवाळामुळे नव्हे, मातीमुळे दिसेनाशी होते.

मग तापमान आणि सामू, होडीतच आणि लगेच. बादलीत पाच मिनिटे उन्हात ठेवलेले पाणी हे जलाशयाचे पाणी राहत नाही.

प्राणवायूसाठी विंकलर पद्धत. बाटली पाण्याखाली बुडबुडा न येऊ देता भरा. 2 मिली मँगनीज सल्फेट, 2 मिली अल्कली-आयोडाइड-ॲझाइड, दोन्ही पिपेटचे टोक पाण्यात बुडवून. बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका अर्ध्यापर्यंत बसला की 2 मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. साका पांढराच राहिला तर प्राणवायू जवळपास शून्य आहे. यातल्या 200 मिलीला 0.025 नॉर्मल थायोसल्फेट जितके मिली लागते तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू. ॲसिड हाताळताना चष्मा आणि हातमोजे घाला. हलत्या होडीत ॲसिड ओतू नका, साका बसलेल्या बाटल्या अंधारात ठेवून काठावर आणा आणि तिथे ओता.

सूक्ष्मदर्शकासाठी 100 मिली नमुन्यात 1 मिली ल्युगॉल, पाण्याला फिक्या कोऱ्या चहाचा रंग येईपर्यंत. ल्युगॉल घातलेल्या नमुन्यावर विष किंवा क्लोरोफिल तपासता येत नाही, म्हणून कच्चा नमुना वेगळा, बर्फात, अंधारात. फॉस्फेटची बाटली फक्त 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडने आणि मग शुद्ध पाण्याने धुतलेली हवी. साबण किंवा डिटर्जंटचा हात लागला की आकडा गेला.

सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोसिस्टिस बेढब ढेकळांसारखा दिसतो, आत काळसर ठिपके असतात. ते ठिपके म्हणजे हवेच्या पिशव्या, त्यांच्या जोरावर तो रात्री वर येतो आणि दुपारी खाली जातो. ॲनाबिना हा दुसरा निळा-हिरवा जीवाणू म्हणजे मण्यांची माळ. डायटम सोनेरी, नक्षीदार डबी. मोजणीसाठी सेडविक-राफ्टर पेटी, 50 बाय 20 बाय 1 मिलिमीटर, बरोबर 1 मिली मावते.

क्लोरोफिल प्रयोगशाळेवर सोडा. नमुना त्याच दिवशी गाळला जाईल एवढे पाहा.

आकडे वाचताना

एकटा आकडा फसवतो, जोड्या बघा. सेक्की 30 सेंटिमीटर, सामू 8, दुपारचा प्राणवायू 6: हा गाळ. सेक्की तेवढीच, पण सामू 9 च्या वर आणि दुपारचा प्राणवायू 10 च्या पुढे: हे शेवाळ. 30 अंशांना आणि सुमारे 500 मीटर उंचीवर पाण्यात नैसर्गिकपणे साधारण 7 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, त्यामुळे 10 म्हणजे शेवाळ उन्हात तो तयार करते आहे. त्याच वेळी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाते, म्हणून सामू चढतो.

इथेच नवखे चुकतात. दुपारी 12 मिलिग्रॅम प्राणवायू पाहून "पाणी उत्तम आहे" असा अहवाल जातो. रात्री तेच शेवाळ श्वास घेते आणि पहाटे तो 2 वर आलेला असतो. पहाटे 3 च्या खाली गेला तर मच्छीमारांना सांगा. चिलापी काही काळ तग धरते, कटला आणि रोहू आधी पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात.

थर कुठे आहे हे वारा ठरवतो. एका काठावर हिरवा लगदा आणि समोरच्या काठावर स्वच्छ पाणी, हे एकाच दिवशी दिसते. म्हणून काठावरच्या फोटोवरून संपूर्ण जलाशयाचा निष्कर्ष काढू नका. त्यासाठी सेंटिनेल-2 उपग्रहाच्या प्रतिमा मोफत मिळतात, दर पाच दिवसांनी. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर प्रतिमेच्या पाचव्या आणि चौथ्या प्रकाशपट्ट्यातला फरक त्यांच्या बेरजेने भागला की क्लोरोफिलचा नकाशा तयार होतो. पावसाळ्यात ढगांमुळे त्याचा उपयोग नाही. आणि भिगवणचे रोहित पक्षी पाण्याच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हेत. मोठे रोहित उथळ गाळातले बारीक जीव गाळून खातात, त्यामुळे गाळाचा पट्टा वाढला तर त्यांची चैनच होते.

थर आला तर

गुरे वाऱ्याच्या विरुद्ध काठावर, जिथे थर नाही, तिथे पाजा. कुत्र्याला पाण्यात सोडू नका, तो अंगावरचा थर चाटून पोटात घेतो. पाणी उकळल्याने मायक्रोसिस्टिन, म्हणजे मायक्रोसिस्टिसचे विष, नष्ट होत नाही, उलट पेशी फुटून ते बाहेर येते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आयुष्यभराच्या वापराला 1 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आणि थोड्या दिवसांसाठी 12 आहे. डायलिसिस केंद्राला हे पाणी जात असेल तर त्यांना त्याच दिवशी कळवा. 1996 मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू इथे याच विषाने डायलिसिसचे पन्नासाहून अधिक रुग्ण दगावले.

थर दाट असताना मोरचूद टाकण्याचा मोह टाळा. पेशी मरतात आणि सगळे विष एकदम मोकळे होते. कच्च्या पाण्यात आधीच क्लोरीन टाकण्यानेही तेच घडते. गावच्या केंद्रात आधी तुरटीने पेशी अख्ख्या खाली बसवा. सामू 9 असताना तुरटी नीट काम करत नाही, तिला 6.5 ते 7.5 लागतो, म्हणून रोज जार टेस्ट करूनच, म्हणजे बरण्यांत वेगवेगळ्या मात्रा टाकून पाहूनच, मात्रा ठरवा. गाळणे नेहमीपेक्षा लवकर धुवा. क्लोरीन शेवटी द्या, सामू 8 च्या खाली आणून, अर्धा तास संपर्क आणि त्यानंतर किमान 0.5 मिलिग्रॅम शिल्लक. सामू 9 वर तोच क्लोरीन जवळजवळ निष्प्रभ असतो, मात्रा दुप्पट केली तरी फारसा फरक पडत नाही. जॅकवेलला वेगवेगळ्या खोलीची दारे असतील तर सकाळी वरचे दार बंद ठेवा.

उसाला ठिबक असेल तर फुटव्हॉल्व्ह पृष्ठभागाखाली किमान एक मीटर ठेवा आणि गाळाला टेकू देऊ नका. सँड फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात 0.5 किलोचा फरक पडला की बॅकवॉश. हिरव्या हंगामात हे दिवसातून दोनदाही करावे लागते.

नोंदवहीत प्रत्येक वेळी एवढे रकाने भरा: तारीख, वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, ढग, शेवटचा पाऊस, धरणाची टक्केवारी, तापमान, सेक्की, सामू, प्राणवायू, रंग, वास, थर कोणत्या काठाला. पाणी स्वच्छ असेल त्या दिवशीही भरा. मेमधला हिरवा रंग नेहमीचा की जास्त, हे जानेवारीतल्या कंटाळवाण्या नोंदींशी ताडल्याशिवाय सांगता येत नाही.